६० कॅडेट, ४ एअर रायफली आणि एक रविवार: शिबिरात नेमबाजी कशी शिकवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागल तालुक्यातल्या एका गावचं तरुण मंडळ दिवाळीनंतरच्या रविवारी आसपासच्या शाळांतल्या ६० एनसीसी कॅडेटसाठी नेमबाजीचं शिबिर घेणार आहे. मुलं-मुली आठवी-नववीची. हाताशी ४ एअर रायफली, शाळेचं पटांगण आणि सात-आठ कार्यकर्ते, त्यातले दोघे माजी सैनिक. वेळ सकाळी १० ते दुपारी ४, मध्ये तासभर जेवण. प्रत्येकाला १० छर्रे द्यायचे आणि जास्त गुण मिळवणाऱ्या तिघांना ढाल. एवढ्या वेळात सगळ्यांचा नेम बरा लागावा म्हणून काय शिकवावं, असं विचारलं आहे.

मी कोल्हापुरात शाळेत बरीच वर्षं एनसीसी अधिकारी होते. आता अशा शिबिरांत स्वयंसेवक म्हणून फायरिंगची लाइन सांभाळते. तुमचा बेत वाचून आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हिशोब मांडू. ६० कॅडेट आणि ४ लेन, म्हणजे रायफल मारायच्या ४ जागा. एका वेळी लाइनवर येणाऱ्या चौघांच्या तुकडीला आम्ही डिटेल म्हणतो, तेव्हा झाले १५ डिटेल. पहिल्यांदाच रायफल हातात घेतलेल्या मुलाला छर्रा भरणं, नेम धरणं, ट्रिगर दाबणं यात एका छर्ऱ्याला मिनिटभर तरी जातं. त्यात लाइनवर येणं, झोपणं, रायफल तपासणं, सगळे थांबल्यावर लक्ष्याचा कागद आणणं, पुढच्यांना जागा देणं हे सगळं धरा. १० छर्ऱ्यांच्या एका डिटेलला २० मिनिटं सहज लागतात. १५ डिटेल गुणिले २० मिनिटं म्हणजे ५ तास. जेवण सोडलं तर तुमच्याकडे ५ च तास आहेत. म्हणजे शिकवायला वेळच उरत नाही. खरी अडचण नेमाच्या आधीची आहे: वेळ कमी आणि लाइनवर उभी राहणारी जाणती माणसं कमी.

माझ्या हातात असतं तर मी दोन रविवार घेतले असते, ३०-३० कॅडेटचे. ते जमत नसेल तर छर्रे कमी करा. तीन-तीनचे दोन गट, एकूण ६ छर्रे. मग डिटेल साधारण १२ मिनिटांत उरकतो, सगळ्यांचं फायरिंग ३ तासांत होतं आणि शिकवायला २ तास हाती लागतात. नीट मारलेले ६ छर्रे मुलाला जेवढं शिकवतात तेवढं घाईघाईने उडवलेले १० शिकवत नाहीत. दुपारच्या डिटेलमधल्या मुलांनी सकाळभर उन्हात रांगेत बसून राहायचं नाही, त्यांना वेगळ्या कामाला लावायचं. ते पुढे सांगते.

आता माणसांचं. प्रत्येक फायररच्या मागे एक मोठा माणूस, फक्त त्याच्यासाठी. शिवाय संपूर्ण लाइनचा एक प्रमुख, ज्याने कुणालाही शिकवायचं नाही, कुणाचा नेम बघायचा नाही, फक्त लाइन बघायची. फायर सुरू आणि फायर बंद हे त्याच्याच तोंडून निघेल. तुमच्या दोन माजी सैनिकांपैकी एकाला हे काम द्या. 'थांबा' असं मात्र कुणीही ओरडू शकतं, अगदी रांगेतला सगळ्यात लहान कॅडेटसुद्धा, आणि ते ऐकलं की सगळ्यांनी बोट ट्रिगरवरून काढून जिथे आहे तिथे थांबायचं. तीनच जाणती माणसं मिळाली तर ४ रायफली असूनही २ च लेन चालवा. रायफल मोकळी आहे म्हणून लेन उघडायची नाही. यात मी कधीच तडजोड करत नाही, आणि तुम्हीही करू नये असं कळकळीने सांगते.

परवानगीचं पटकन सांगते. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही. तरी मुख्याध्यापकांची आणि प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्या, गावच्या पोलीस ठाण्यात पत्र देऊन ठेवा, आणि मुलं एनसीसीच्या गणवेशात येणार असतील तर शाळेच्या एनसीसी अधिकाऱ्यामार्फत बटालियनला आधी कळवा. पॉइंट टू टू, म्हणजे एनसीसीत वापरतात ती काडतुसांची .२२ रायफल मात्र बटालियनची, तिच्या काडतुसांचा हिशोब बटालियनचा आणि तिचं फायरिंग बटालियनच्या देखरेखीखाली. मंडळाच्या कार्यक्रमात ती आणायचा विचारही नको.

परवाना लागत नाही म्हणून ही रायफल खेळणं ठरत नाही. तिच्या छर्ऱ्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. लाइनवरच्या प्रत्येकाला, शिकवणाऱ्यालाही, संरक्षक चष्मा हवाच. लक्ष्यामागे शाळेची अशी भिंत घ्या जिच्यात दार-खिडकी नाही आणि जिच्यापलीकडून पायवाट जात नाही. नुसत्या भिंतीवर, उभ्या पत्र्यावर किंवा टायरच्या रबरावर छर्रा आपटला तर उलटा येतो. म्हणून लक्ष्यामागे खोके ठेवा आणि त्यात जुनी वर्तमानपत्रं, मासिकं घट्ट कोंबा. आदल्या दिवशी तुमच्याच रायफलीने त्याच जागी दहा-वीस छर्रे मारून बघा, एकही आरपार जाता कामा नये. छर्रा शिशाचा असतो, तेव्हा लाइनवर खाणं-पिणं बंद आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं सक्तीचं. पटांगणात लाइन आखताना तोंड उत्तरेकडे येईल असं बघा. दिवाळीनंतर ऊन दक्षिणेकडून तिरकं येतं. ते पाठीमागे राहिलं तर लक्ष्यावर उजेड पडतो आणि डोळे दिपत नाहीत.

यानंतर जे लिहिते ते तुमच्या रायफली कोणत्या आहेत यावर अवलंबून आहे, आणि तेवढंच नेमकं प्रश्नात नाही. गावागावांत मिळते ती बहुतेक नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, ताणायची स्प्रिंगची रायफल. स्पर्धेतल्या रायफली असतात पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या. दोन्हींत छर्रा तोच, १० मीटर अंतरही तेच, पण शिकवण्याची पद्धत बरीच बदलते. तुमच्याकडे स्प्रिंगच्या असतील असं धरून सांगते.

पहिली गोष्ट, तेरा वर्षांच्या पुष्कळ मुलांना ती नळी मोडून पूर्ण ताणता येत नाही. अर्धवट ताणलेली नळी हातातून सुटली किंवा नळी मोडलेली असताना ट्रिगर दाबला गेला, तर नळी झटक्याने वर येते आणि बोटं चिरडतात. म्हणून ताणायचं काम मागे बसलेल्या कार्यकर्त्याचं. छर्रा बसवून नळी बंद होईपर्यंत त्याचा एक हात नळीवर घट्ट, आणि कॅडेटचं बोट ट्रिगरच्या बाहेर, रायफलीच्या अंगावर सरळ. दुसरी गोष्ट, स्प्रिंगची रायफल छर्ऱ्याशिवाय उडवायची नाही. समोर छर्रा नसला की पिस्टन मोकळा जाऊन आपटतो, आतलं सील आणि स्प्रिंग खराब होते. त्यामुळे ड्राय प्रॅक्टिस याच रायफलींवर करून घेता येणार नाही. शाळेत ड्रिलच्या डीपी (गोळी न उडणाऱ्या) रायफली असतील तर त्या मागून घ्या. नसतील तर सुताराकडून लाकडी दस्ता आणि नळी करून घ्या, वर पुढची-मागची साइट, म्हणजे नेम धरायचं टोक आणि खाच, ठोका. नेम धरणं आणि श्वास शिकवायला तेवढं पुरतं.

आणि तिसरी गोष्ट, जी माजी सैनिकांना पटायला सगळ्यात वेळ लागतो. एनसीसीत प्रत्येक कॅडेट तोंडपाठ म्हणतो: मजबूत पकड़, दुरुस्त शिस्त, दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन. पॉइंट टू टू आणि लष्करी रायफलीसाठी हे बरोबरच आहे. पण स्प्रिंगच्या एअर रायफलीत ट्रिगर सुटला की आतला जड पिस्टन पुढे धावतो, रायफल आधी मागे सरकते आणि पिस्टन थांबला की पुढे झटका खाते. यातली बरीचशी हालचाल छर्रा अजून नळीतच असताना होते. म्हणजे रायफल हलणारच. प्रश्न एवढाच की दर वेळी ती सारखीच हलते का. मुलाने एकदा आवळून धरली, दुसऱ्यांदा सैल आणि तिसऱ्यांदा गाल दाबून, तर नेम अगदी एकाच जागी असूनही तीन छर्रे तीन दिशांना जातील. तेरा वर्षांच्या मुलाला दर वेळी तेवढ्याच जोराने आवळणं जमत नाही. हलकं धरणं मात्र दर वेळी जमतं.

म्हणून या रायफलीला मी पुढचा तळहात नुसता आधारासारखा ठेवायला लावते, बोटं मिटायची नाहीत. दस्ता खांद्याला टेकलेला, ओढून रुतवलेला नाही. वाळूची पिशवी वापरत असाल तर हात पिशवीवर आणि रायफल हातावर. रायफल थेट पिशवीवर किंवा बाकावर टेकवली तर ती त्यावरून उसळते आणि सगळा गट, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका, सरकतो. तुमच्या माजी सैनिकांना शिबिराआधी एका संध्याकाळी बोलवा आणि त्यांनाच पाच छर्रे आवळून, पाच हलके धरून मारायला लावा. कागद बघितला की वाद उरत नाही. पीसीपी असेल तर यातलं फारसं काही लागू नाही, तिथे नेहमीची शांत, स्थिर पकड चालते.

पोझिशन झोपूनच ठेवा. पडवीत सतरंज्या टाका, किंवा पटांगणात टारपोलीन. झोपलेल्या मुलाच्या रायफलीचं तोंड आपोआप समोर राहतं. उभा असलेला मुलगा 'मॅडम, बघा' म्हणून वळला की रायफलही वळते. लेटकर पोझिशन कॅडेटना एनसीसीत माहीतही असते. मुलींना आदल्या दिवशी सांगून ठेवा: वेण्या मागे बांधलेल्या, ओढणी नको, मनगट मोकळं. झोपल्यावर रायफल लक्ष्यावर धरायची, डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. नेम डावीकडे गेलेला दिसला तर हाताने ढकलून आणायचा नाही. पुढचं कोपर जागेवर ठेवून कंबर आणि पाय थोडे सरकवायचे, मग पुन्हा डोळे मिटून बघायचं. हाताने ढकलून आणलेली रायफल ट्रिगर सुटताना परत आपल्या जागी जाते. हे मुलांना समजावून सांगण्यापेक्षा करून दाखवलं की लगेच कळतं.

नेम धरताना डोळ्याने काय बघायचं, इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते. डोळा एका वेळी मागची साइट, पुढची साइट आणि काळं वर्तुळ अशी तिन्ही स्पष्ट बघू शकत नाही. मुलं साहजिकच काळ्या वर्तुळाकडे बघतात, कारण छर्रा तिथे जायचा असतो. स्पष्ट दिसायला हवं ते पुढच्या साइटचं टोक. त्याचा हिशोब मी फळ्यावर काढून दाखवते. दोन साइटमधलं अंतर अर्धा मीटर धरा आणि लक्ष्य १० मीटरवर, म्हणजे वीसपट. पुढची साइट मागच्या खाचेत १ मिलिमीटर बाजूला गेली तर छर्रा २० मिलिमीटर बाजूला जातो. एअर रायफलीच्या अधिकृत लक्ष्याचं काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे मधोमध धरलेला नेमसुद्धा काळ्याच्या बाहेर पडला. याउलट दोन्ही साइट जुळलेल्या ठेवून अख्खी रायफल ५ मिलिमीटर डोलली, तर छर्राही ५ च मिलिमीटर हलतो. आठवीच्या मुलांना हे प्रमाण लगेच कळतं, आणि डोलणाऱ्या नेमाची भीती जाते. नेम थोडा डोलणारच. तो अगदी स्थिर झाला त्या क्षणी ट्रिगर खेचायची घाई मुलं करतात आणि तिथेच सगळं बिघडतं. ट्रिगर हळूहळू दाबत राहायचा, कधी सुटेल ते आपल्यालाही कळू नये. श्वास सहा-आठ सेकंदांपेक्षा जास्त रोखावा लागला तर बोट काढायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा सुरुवात. सोडून दिलेला नेम बघितला की मी मोठ्याने शाबासकी देते, कारण लाजऱ्या मुलांना वाटतं की रायफल धरली म्हणजे आता उडवलीच पाहिजे. आणि छर्रा सुटल्यावर मान वर करून बघायचं नाही. दोन सेकंद तसंच पडून पुढच्या साइटकडेच बघत राहायचं.

कोणता डोळा जोरकस आहे ते रांगेतच तपासून घ्या. दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत छोटा त्रिकोण करून त्यातून लांबची वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. वस्तू ज्या डोळ्याने त्रिकोणात राहते तो जोरकस. उजव्या हाताचा पण डाव्या डोळ्याचा कॅडेट निघाला तर त्याला डाव्या खांद्यावरून मारायला लावायचं का? पुढे नियमित खेळणार असेल तर प्रयत्न करण्यासारखा आहे. एका दिवसाच्या शिबिरात मात्र चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावते आणि पुढे जाते. डोळा घट्ट मिटायला लावू नका, दुसऱ्यावरही ताण येतो.

आता लक्ष्याचा कागद, आणि तुमच्या ढालीचा विषय. एअर रायफलीच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो पीप साइट (बारीक भोकातून बघायची मागची साइट) आणि स्पर्धेच्या रायफलीसाठी आखलेला आहे. उघड्या साइटच्या रायफलीने नवख्या मुलाला त्यावर मारायला लावलं तर शून्य, एक, दोन असे गुण घेऊन मूल हिरमुसून घरी जातं. त्याऐवजी १० मीटर एअर पिस्तुलाचं लक्ष्य लावा. त्याचं काळं वर्तुळ ५९.५ मिलिमीटरचं आणि दहाचं ११.५ मिलिमीटरचं. पहिले तीन छर्रे मात्र मी कागद उलटा लावून, पांढऱ्या बाजूवर मध्ये एक पेनाचा ठिपका काढून मारायला देते. गुण नाहीतच. तीन छिद्रं किती जवळ आली तेवढंच बघायचं.

कारण पहिल्या दिवशी मुलाने शिकायची गोष्ट तीच आहे: स्वतःचा गट ओळखणं. तिन्ही छिद्रं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जाताहेत पण ठिपक्यापासून लांब डावीकडे आहेत, तर त्या मुलाने सगळं बरोबर केलं आहे. चूक रायफलीच्या साइटची आहे आणि ती आपण स्क्रू फिरवून काढू. दुसऱ्याचं एक छिद्र बरोबर मध्ये आणि दोन कागदाच्या कडेला, त्याला अजून शिकायचं आहे. गुण मोजले तर हाच दुसरा जिंकतो, आणि पहिल्याला वाटतं आपल्याला नेमबाजी येतच नाही. छिद्रं वर-खाली पसरली तर श्वास बघा, आडवी पसरली तर ट्रिगर आणि झोपण्याची दिशा. पण तीन छिद्रांवरून मुलाला ठाम काही सांगू नका, मागे बसून तो काय करतोय ते बघा. दुसरे तीन छर्रे मग काळ्या वर्तुळावर.

म्हणूनच ढाल देऊ नका असं सुचवते. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी जोड देत नाही, लाल माती उकरायला लावतो. इथेही तसंच. शिवाय ढाल आली की मुलं घाई करतात, कार्यकर्ते आपापल्या शाळेच्या मुलाला एखादा छर्रा जास्त देतात, रांगेत ढकलाढकली होते, आणि हे सगळं भरलेल्या रायफलीच्या आसपास घडतं. बक्षीस द्यायचंच असेल तर ज्या डिटेलने रायफल सगळ्यात नीट हाताळली त्या चौघांना द्या.

वाट बघणाऱ्यांसाठी चार कामं पुरेत. एका झाडाखाली लाकडी रायफलीवर नेम आणि श्वास, दुसरीकडे डोळ्याची तपासणी, तिसरीकडे जुन्या कागदांवरचे गट बघून 'याने काय केलं असेल' यावर चर्चा, चौथीकडे कागदावर नाव-तारीख लिहून पुढच्या डिटेलचे कागद चिकटवणं. ही कामं नववीच्या कॅडेटना चालवू द्या. समजावून सांगताना त्यांचं स्वतःचंही पक्कं होतं.

पालक विचारतील ते आधीच सांगते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवलं, आणि आपल्या भागात घराघरांत रायफलीचं नाव पोचलं. त्याआधी तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण घेतलं. मुलांना हे जरूर सांगा, त्यांचे डोळे चमकतात. पण 'आमच्या पोरात तेवढं आहे का' याचं उत्तर ६ छर्ऱ्यांवरून देऊ नका, ना हो ना नाही. स्वप्नीलचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशनचा: गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. त्याची पात्रता फेरी ६० गोळ्यांची असते आणि त्यात त्याचे ६०० पैकी ५९० गुण होते. तिथवरचा रस्ता वर्षानुवर्षांच्या सरावाचा आहे. ज्या मुलाला खरंच गोडी लागलेली दिसेल, जो जेवणाच्या सुट्टीतही लाकडी रायफल घेऊन पडलेला असेल, त्याच्या पालकांना कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर जाऊन एकदा सराव बघून या म्हणा. रायफल विकत घ्यायची घाई करायला सांगू नका.

तर तुमच्या बेतात मी एवढं बदलेन: ६ छर्रे, तीन-तीनच्या गटात; जाणत्या माणसांएवढ्याच लेन; स्प्रिंगची रायफल हलकी धरून; पिस्तुलाचं लक्ष्य, तेही आधी उलटं; ढाल नाही. सकाळची पहिली ४० मिनिटं सगळे ६० एकत्र बसवून सुरक्षा, आणि त्यात 'थांबा'चा सराव पाच-सहा वेळा, रायफल कुणाच्याही हातात नसताना. शेवटचा डिटेल संपला की रायफली मोजून, नळ्या उघड्या ठेवून दोघांनी तपासायच्या आणि कुलुपात ठेवायच्या. त्यानंतरच मुलांना सोडायचं. प्रत्येकाने आपला कागद घरी न्यावा.

रायफली स्प्रिंगच्या आहेत की पीसीपी, साइट उघडी आहे की पीप, आणि पटांगणाची भिंत कोणत्या दिशेला आहे, एवढं कळवा. त्याप्रमाणे डिटेलचं वेळापत्रक मी मांडून देते. शनिवारी संध्याकाळी कार्यकर्त्यांचा सराव ठेवणार असाल तर मीही येईन.